दुनळीच्या उघड्या नळ्यांवर कोणता लेप टिकतो?

नळ्यांवरचा काळा रंग उडालाय, मुठीच्या जागी पांढरं पोलाद दिसतंय आणि पावसाळा दोन महिन्यांवर आलाय. अशा दुनळी बंदुका कोकणात अजून पुष्कळ घरांत आहेत. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर, माकडं आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला घेतलेल्या. त्यांच्या उघड्या पोलादावर काय चढवायचं, असं विचारणारा बहुधा रंगापासून सुरुवात करतो: काळं बरं की करडं, चकचकीत की मंद? रंग सगळ्यात शेवटी ठरवावा. आधी बघायचं ते हे, की त्या भागाचे जोड कशाने धरलेत, तो कशावर घासतो आणि किती तापवलेला चालतो. एवढं कळलं की निम्मे पर्याय तिथेच गळतात.

कायद्याचं आधी सांगतो. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणून खालचं काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्यायचं. प्लेटिंगवाला किंवा हीट ट्रीटमेंटवाला कितीही ओळखीचा असला, तरी नळ्या त्याच्या हातात द्यायच्या नाहीत. पण काय करून घ्यायचं ते मालकाला ठाऊक हवं. नुसतं "काळी करून द्या" म्हटलं, तर दुकानात जी टाकी तापलेली असेल तिच्यात बंदूक जाते, आणि दुनळीचं नुकसान नेमकं तिथेच होतं. त्याच कायद्याच्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचा नंबर किंवा ओळखीची खूण खोडणं, बदलणं हा गुन्हा आहे. पॉलिशच्या चाकाखाली किंवा वाळूच्या फवाऱ्याखाली नंबर बोथट व्हायला अर्धा मिनिटही लागत नाही. काम सुरू होण्याआधी नंबरांचे जवळून फोटो काढा आणि ती जागा हातानेच, कडा न मारता साफ करायला सांगा.

आता जोड. दोन नळ्या शेजारी-शेजारी असलेल्या बंदुकीत वरची पट्टी आणि खालची पट्टी नळ्यांना डाखाने जोडलेली असते. हा साधा डाख, म्हणजे कथिल आणि शिसं. साठ-चाळीसच्या डाखाला १८३ अंश सेल्सिअसला पाझर फुटतो आणि १९० च्या आसपास तो पुरता पातळ होतो. मागच्या बाजूचा जोड, जिथे दोन्ही नळ्या एकत्र येतात आणि खालचे लग, म्हणजे बंदुकीच्या खटक्यात अडकणारे पोलादी ठोकळे, असतात, तो पितळेचा किंवा चांदीच्या डाखाचा असतो आणि बरीच जास्त उष्णता सोसतो. पण लेप निवडताना साखळीतली सगळ्यात कच्ची कडी बघायची असते, आणि दुनळीत ती पट्टीचा डाख.

हा डाख शाबूत आहे का, हे लेप देण्याआधी तपासायचं. नळ्या लाकडी दस्त्यातून आणि खटक्यातून वेगळ्या करायच्या, मागच्या लगात दोरी अडकवून मोकळ्या टांगायच्या आणि बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारायची. जोड घट्ट असला तर काशाच्या वाटीसारखा लांब नाद घुमतो. कुठे डाख सुटला असेल तर आवाज बसका येतो, किंवा मध्येच बारीक खरखर ऐकू येते. खरखर आली तर लेपाचा विषय तिथेच थांबवा. आधी पट्टी नव्याने डाखून घ्या, कारण फटीतून आत शिरलेलं पाणी किंवा क्षार नंतर काही केल्या निघत नाही.

आता गरम ब्लूइंग. कारखान्यातल्या बहुतेक बंदुकांवरचा काळा रंग याच पद्धतीचा. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं दाट द्रावण साधारण १३५ ते १५० अंशांना उकळत ठेवतात. त्यात पोलाद पंधरा-वीस मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत ठेवलं की पृष्ठभागाचं मॅग्नेटाइट होतं, म्हणजे लोखंडाचं काळं ऑक्साइड. जाडी जेमतेम एक-दोन मायक्रॉन, त्यामुळे मापं बदलत नाहीत. एकनळी बंदुकीला, रायफलच्या नळीला किंवा बोल्टला हे काम झकास. "१५० अंशांना डाख वितळत नाही, मग दुनळीला काय होतं?" असं कुणी विचारेल. वितळत नाही हे खरं, पण गरम कॉस्टिक कथिल आणि शिसं खातं. डाखाच्या कडा पोखरल्या जातात, आणि तिथून क्षार पट्टीखालच्या पोकळीत शिरतात. बंदूक दुकानातून सुरेख काळी होऊन येते. दोन-तीन महिन्यांनी, हवेत दमटपणा वाढला की पट्टीच्या कडेने पांढरा पाझर दिसू लागतो आणि त्यामागोमाग गंजाची तांबडी रेघ. त्या वेळी बाहेरून तेल लावून उपयोग होत नाही, गंज आतून येतोय.

पावडर कोटिंग गावोगावी मिळतं, गेट आणि खिडक्यांना चांगलंही टिकतं, म्हणून हा मोह पडतो. त्याची भट्टी १८० ते २०० अंशांची असते, म्हणजे थेट डाखाच्या वितळबिंदूवर. वर थर ६० ते १०० मायक्रॉनचा, माणसाच्या केसाएवढा जाड. नळ्यांच्या बुडाशी असला थर गेला तर बंदूक मिटणार नाही. नायट्रायडिंगचा थर अतिशय कडक आणि गंजाला भारी, अनेक आधुनिक पिस्तुलांच्या स्लाइड त्यावरच टिकतात. पण ते काम ५०० अंशांच्या वर चालतं. दुनळीसाठी त्याचा विचारच करू नये. हार्ड क्रोम आणि निकेलच्या प्लेटिंगआधी आम्लात बुडवावं लागतं आणि आम्ल पट्टीखाली जातं. म्हणजे अडचण पुन्हा तीच.

बाटलीतलं कोल्ड ब्लू, म्हणजे कापसाने लावायचं सेलेनियम आणि तांब्याच्या क्षारांचं द्रावण, हे ओरखड्यापुरतं. ते खरं ऑक्साइड नाही. पोलादावर तांबं आणि सेलेनियमचा पातळ काळा थर बसतो, घाम आणि घर्षण लागलं की पुसला जातो. ते विषारी आहे, हातमोजे न घालता वापरू नये. अख्ख्या नळ्यांवर लावून ते पावसाळाभर टिकेल अशी आशा धरू नका.

मग दुनळीच्या नळ्यांसाठी उरतं ते जुनं, संथ काम: आम्लाच्या द्रावणाने गंज चढवून तो पाण्यात उकळून काळा करायचा. कारागीर त्याला रस्ट ब्लू म्हणतात. उष्णता १०० अंशांच्या वर जात नाही आणि डाखाला कॉस्टिक लागत नाही. चांगल्या दुनळ्यांच्या नळ्या पिढ्यान् पिढ्या याच पद्धतीने काळ्या होत आल्यात. माझं स्पष्ट मत असं की दुनळीला दुसरं काही लावूच नये. दुकानात हे काम करणारा नसेल तर बंदूक तेल लावून ठेवलेली बरी, टाकीत बुडवलेली नको.

काम कसं चालतं हे माहीत असलं की कुठे घाई झाली ते मालकाला नजरेने कळतं. आधी जुना गंज आणि उरलेला काळा रंग काढायचा. मग पॉलिश पेपर १८०, २४०, ३२०, नेहमी लांबीच्या दिशेने, पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. ३२० ला थांबायचं, फार तर ४०० ला. आरशासारख्या चकचकीत पोलादाला द्रावण धरत नाही, रंग ठिपक्याठिपक्यांनी येतो. गंजाचे खोल खड्डे असले तर ते जाईपर्यंत घासत बसू नये. बारा बोअरच्या नळीची भिंत पुढच्या भागात मुळातच पातळ असते. दुरुस्तीवाल्याकडे भिंत मोजायचं गेज असतं, सगळ्यात पातळ जागी अर्ध्या मिलिमीटरच्या खाली माप आलं तर ती बंदूक वापरातूनच काढायची. खड्डा काळा होऊन राहिला तर दिसायला जरा वाईट, पण भिंत शाबूत राहते. आणि नळीवर पीळदार नक्षीसारखी रेघोटी दिसली, म्हणजे ती पट्ट्या वळून केलेली जुनी डमास्कस नळी असेल, तर तिला पॉलिश करण्याआधी थांबा. आजची काडतुसं तिच्यातून उडवायची की नाही, हा लेपापेक्षा मोठा प्रश्न आहे.

यानंतर तेल काढणं. बहुतेक फसलेली कामं इथेच फसतात. अ‍ॅसिटोनने दोनदा पुसायचं, दुसऱ्यांदा नवा कापूस घेऊन. मग पोलादावर पाणी ओतून बघायचं. सगळीकडे एकसंध पापुद्रा पसरला तर तेल गेलं. कुठे थेंब गोळा होऊन पळाले, तर तिथे तेल आहे. त्यानंतर उघड्या बोटाचा स्पर्शसुद्धा नको, ठसा उमटतो आणि शेवटपर्यंत जात नाही. नळ्यांची आतली बाजू लाखेच्या वार्निशने झाकायची आणि दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या ठोकून बसवायच्या. पुढच्या खुंट्या लांब ठेवल्या की त्याच मूठ म्हणून वापरता येतात. बुडाचा सपाट चेहरा, बिजागरीत बसणारी वाटी आणि खालचे लग या तीन जागांवर लेप नकोच, कारण बंदूक घट्ट मिटते ती या उघड्या पोलादाच्या जुळणीवर.

द्रावण लावताना बोळा ओला नाही, नुसता दमट हवा. पिळून, वर कागदावर टेकवून, मग बुडापासून तोंडापर्यंत एक सलग ओढ, पुढची ओढ तिच्या शेजारी, एकावर एक नाही. ओल जास्त झाली की ओघळ येतो, ओघळाखाली तांबूस पट्टा उठतो आणि पुढच्या फेऱ्यांतही तो दिसत राहतो. मग नळ्या दमट जागी तीन ते बारा तास टांगून ठेवायच्या, द्रावण कोणतं आहे त्यावर वेळ ठरतो. हवा तीस अंशांच्या आसपास आणि सापेक्ष आर्द्रता ७० ते ८० टक्के असली की उत्तम. जून ते सप्टेंबरमध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गात नुसती उघडी खोली पुरते. नाशिक-पुण्याकडे हिवाळ्यात लाकडी पेटीत ओला स्पंज आणि एक दिवा ठेवावा लागतो. पोलादावर मखमलीसारखा, सगळीकडे सारखा केशरी गंज आला की बरोबर. जाड खपली आली तर वेळ जास्त झाली, खाली खड्डे पडू लागतात.

मग उकळणं. दुनळीच्या नळ्या २८ ते ३० इंच लांब, खुंट्या धरून एक मीटरच्या पुढे जातात, तेव्हा टाकी तेवढी लांब हवी. टाकी स्टीलची किंवा साध्या लोखंडाची, अ‍ॅल्युमिनियमची वा जस्ताचा मुलामा असलेली नको. पाणी डिस्टिल्ड, बॅटरीत घालतात तेच. बोअरवेलच्या पाण्यातला चुना नळ्यांवर पांढुरके डाग सोडतो. पाणी खळखळ उकळत असताना पंधरा ते वीस मिनिटं. केशरी गंज डोळ्यांदेखत काळा होतो, मऊ काजळीसारखा. बाहेर काढून वाळवायचं आणि ती काजळी फार बारीक तारेच्या चाकाने किंवा ०००० नंबरच्या स्टील वूलने उतरवायची. स्टील वूलला कारखान्यातच तेल लावलेलं असतं. ते अ‍ॅसिटोनमध्ये धुऊन न घेता वापरलं, तर तेल काढण्याची सगळी मेहनत वाया जाते आणि पुढची फेरी ठिगळासारखी येते. खाली राहतो तो घट्ट बसलेला करडा-काळा थर. पहिल्या फेरीत तो फिकट दिसतो, म्हणून घाबरायचं कारण नाही. सहा ते आठ फेऱ्यांत रंग दाट होत जातो. लागोपाठ दोन फेऱ्यांत फरक दिसेनासा झाला की थांबायचं.

शेवटी आम्ल मारायला हवं. पाण्यात खायचा सोडा घालून आणखी एकदा पंधरा मिनिटं उकळायचं, साध्या डिस्टिल्ड पाण्यात धुवायचं आणि नळ्या गरम असतानाच पाणी हटवणारं तेल भरपूर लावायचं. पट्टीला खालून पाणी निचऱ्याचं बारीक भोक असेल तर तिथून तेल आत जाऊ द्यायचं. आतलं वार्निश काढायचं. बंदूक घरी आली तरी पहिले आठ-दहा दिवस रोज पुसून तेल लावत राहा. फडक्यावर तांबूस छटा आली तर घाबरू नका, ते मागे उरलेलं आम्ल बोलतंय. पुसत राहिलं की आठवड्यात थांबतं. मुठीत धरायचा भाग जास्त लक्ष मागतो, घामातलं मीठ तिथेच बसतं.

हा थरही एक-दोन मायक्रॉनचाच. म्हणजे तो एकटा गंज अडवत नाही, तेल धरून ठेवतो. हे मान्य करूनच तो निवडायचा. त्याचा मोठा गुण असा की झिजला तरी त्याच्यावरच नवीन फेऱ्या देता येतात, आधी काही खरवडावं लागत नाही.

बाकीच्या भागांना वेगळा न्याय. चापाभोवतीची कमान, दस्त्याच्या बुडाची लोखंडी पट्टी, खांद्याच्या पट्ट्याची कडी, म्हणजे जिथे डाख नाही आणि घासाघीस कमी आहे, तिथे दोन पर्याय आणखी चांगले. एक मॅंगनीज फॉस्फेट, ज्याला पार्करायझिंग म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन एम-१ गॅरंड रायफलींवरचा करडा-काळा खरबरीत थर या फॉस्फेटच्या कुळातला. द्रावण ९० अंशांच्या पुढे, पण उकळीच्या खाली. थर पाच ते पंधरा मायक्रॉन, स्पंजसारखा सच्छिद्र, आणि त्याच सच्छिद्रपणामुळे तेल पिऊन बसतो. आधी वाळूचा फवारा मारून पृष्ठभाग खरबरीत करावा लागतो, गुळगुळीत पोलादावर तो विरळ येतो. कडक केलेल्या पोलादाला फॉस्फेट देताना मात्र हायड्रोजन आत शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. मेन स्प्रिंग, सिअर (घोडा अडवून धरणारा तुकडा), घोडा हे भाग या टाकीत घालूच नयेत. त्यांना फक्त साफ करून तेल.

दुसरा पर्याय सेराकोटसारखा सिरॅमिक-पॉलिमर लेप. भट्टीत भाजायच्या प्रकारात अठरा भाग लेपाला एक भाग हार्डनर, फवारलेला थर साधारण २५ मायक्रॉन, १२१ अंशांना दोन तास. खाऱ्या हवेत तो तेलाशिवायही टिकतो, आणि एकनळी बंदुकीच्या बाहेरच्या बाजूला मी तो आनंदाने सुचवेन. जुन्या पोलादाच्या छिद्रांत मुरलेलं तेल भट्टीत वर येतं आणि लेपात माशाच्या डोळ्यासारखी वर्तुळं पाडतं. म्हणून फवारण्याआधी भाग १५० अंशांच्या आसपास तासभर रिकामा तापवून, घाम पुसून, पुन्हा साफ करतात. ही पायरी वगळलेली दिसली तर ते काम घेऊ नका. दुनळीला मी हा लेप नाही म्हणतो. डाखाला १२१ अंश चालतात, पण पट्टीखालचं तेल दोन तास पाझरत राहतं आणि फवाऱ्याची वाळू फटीत अडकते. शिवाय कडेला टवका उडाला की गंज लेपाखालून सरकतो, आणि मग सगळा लेप उतरवूनच नवा द्यावा लागतो.

स्क्रूंच्या बाबतीत जाडीचा हिशेब विसरू नका. २५ मायक्रॉनचा थर गोल दांड्याचा व्यास ५० मायक्रॉनने वाढवतो, पण साठ अंशांच्या आट्यावर तोच थर आट्याच्या मधल्या व्यासात १०० मायक्रॉनची भर घालतो. स्क्रू जाईना म्हणून जोर लावला की खाच फुटते. आटे झाकून फक्त डोक्याला लेप द्यायचा, किंवा स्क्रूंनाही रस्ट ब्लूच करायचं.

जाहिरातींत मिठाच्या फवाऱ्यात अमुक तास टिकल्याचे आकडे असतात. ती चाचणी ३५ अंशांना, पाच टक्के मिठाच्या सततच्या धुक्यात, कोऱ्या सपाट पट्टीवर होते. दोन लेपांची तुलना करायला ती बरी, पण तिच्या तासांवरून वर्षं काढता येत नाहीत. तुमच्या बंदुकीला कडा आहेत, आटे आहेत, घामट हात आहेत.

वाळूचा फवारा मारलेलं पोलाद पावसाळ्यात ठेवायचं नसतं. २८ अंशांना ८५ टक्के आर्द्रता असली, तर दवबिंदू सुमारे २५ अंश. पोलाद त्याहून किमान तीन अंश गरम हवं, नाहीतर न दिसणारी ओल धरते आणि लेपाखालीच गंज कोंडला जातो. म्हणजे २८ अंशांचं पोलाद आधीच काठावर. अशा दिवशी भाग हलका तापवून घेऊन लगेच फवारतात, नाहीतर काम दुसऱ्या दिवसावर ढकलतात. नुसत्या वाळवणाऱ्या खोलीच्या भरवशावर राहत नाहीत.

लेप झाल्यावर तेल कोणतं, हाही कोकणातला खरा प्रश्न. हाताशी असतं म्हणून खोबरेल लावलं जातं. ते पंचवीस अंशांखाली थिजतं, कालांतराने खवट होतं, चिकट होतं आणि त्यातली आम्लं पोलादाला लागतात. शिलाई मशीनचं तेल पातळ, रोजच्या पुसण्याला ठीक, पण उभ्या बंदुकीवरून महिनाभरात ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं. चार महिने न वापरता ठेवायची असेल तर पातळ ग्रीसचा हात, आणि बंदूक कापडी वा चामडी म्यानात नाही, मोकळी, कपाटात, सिलिका जेलच्या पिशवीसोबत. म्यान ओल धरून ठेवतं. ठासणीची बंदूक असेल तर एकही बार काढल्यावर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते, तिच्यावर नुसतं तेल लावलं तर राख तशीच आत राहते आणि रातोरात गंज धरते.

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश येऊ शकतो, आणि त्या किती दिवस तिथे राहतील ते आपल्या हातात नसतं. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळ्या आतून-बाहेरून ग्रीसने माखा, गंजरोधक व्हीसीआय कागदात गुंडाळा, नंबर दिसेल एवढी जागा उघडी ठेवा आणि पोचपावतीवर बंदुकीची स्थिती लिहून घ्या. परत आल्यावर आधी नळीतलं ग्रीस पूर्ण काढायचं, उजेडाकडे धरून आरपार बघायचं, मग पट्टीच्या दोन्ही कडांवरून पांढरं फडकं फिरवायचं.